न मोडलेली काडी

९ सप्टेंबर २००३

न्हाई आला नातजावई. ही चौथी तारीख. त्याचा वकील उभा राह्यला, म्हणला, माझ्या अशिलाला कावीळ झाली. मागच्या बारीला त्याचा चुलता मेल्ता. त्याच्या आधी बी चुलताच मेल्ता. एका माणसाला चुलते असावेत तरी किती! नाव पुकारलं, पुढची तारीख मिळाली, आम्ही दोघी आजी-नात परत ठेसनावर.

पहाटं बदनापूरला गाडीत बसायचं, नांदेडात उतरायचं, कोर्टातल्या लिंबाखाली भाकरी सोडायची, तारीख घ्यायची आणि मागं यायचं. एका तारखेत दोन दिवस मोडतात. नात बेबीनंदाचा बियाण्याच्या कंपनीतला खाडा वेगळाच.

नांदेडच्या आमच्या वकिलानं नातीला सांगितलं, जे होतं ते तारीखवार लिहून ठेव. बेबीनंदानं वही आणली, दोन ओळी लिहिल्या आणि त्याच्यावरच डोळे गाळत बसली. शाई फुटली. मी म्हणलं, अशानं वही संपंल, केस न्हाई संपायची. मी सांगते, तू लिही. मला अक्षर येत न्हाई, पण राग येतो. तिला अक्षर येतं, राग येत न्हाई. दोघींची मिळून एक बाई होते.

"आजी, हे बी लिहू?"

लिही.

११ सप्टेंबर

वकिलाच्या कामाचं सांगते. लग्नाला पाच वर्षं झाली. त्यातली दोन नांदली. पंचमीला रामकिसननं तिला आणून सोडलं, चहा पिला, माझ्या पाया पडला, म्हणला, आठ दिसांनी न्यायला येतो. त्याच्यावर तीन पंचम्या गेल्या. मंग कळलं, घरात दुसरी आणून ठेवली. लग्न न्हाई लावलं तिच्याशी, नुसती ठेवली.

माझा ल्योक तात्या — म्हणजे तातेराव, हिचा बाप — चार माणसं घेऊन गेल्ता. म्हणला, नांदवायची नसंल तर रीतसर मोकळी कर. जावई म्हणला, "राहू द्या की तशीच. ती तिथं, मी इथं. बिघडलं काय?"

बिघडलं काय म्हणे! चोवीस वर्षांची पोर.

पुढची गोष्ट माझ्याच चुकीची. लग्न त्यांच्या दारात लावायचं मीच ठरवल्तं. मांडव त्यांचा, पंगत त्यांची, आपल्याला खर्चा कमी. ते लोक बी हसत हो म्हणले. मी गावभर सांगत फिरले, काय सोन्यासारखी माणसं भेटली! आता वकील सांगतो, जिथं लग्न लागलं तिथं, न्हाईतर नवरा राहतो तिथं, न्हाईतर दोघं शेवटचे नांदले तिथं, एवढ्याच जागी केस लावता येती. तिन्ही जागा तिकडच्या. मांडव त्यांचा म्हणून कोर्ट बी त्यांचं. हे मला कोणी तवा सांगितलं असतं तर माझं डोरलं मोडून दारात मांडव घातला असता.

१९ सप्टेंबर

राजूरहून पुंजारामच्या मायचा निरोप आला. पुंजारामची बायको बाळंतपणात गेली, गणपतीच्या रस्त्याला त्याचं नारळ-फुलाचं दुकान आहे. माणूस बरा. चतुर्थीला आमची पोर तिथून नारळ घेती आणि अर्धा घंटा सुट्टे पैसे मोजती. मला काय दिसत न्हाई?

निरोप असा — मुलगी पसंत आहे, पण कोर्टाचा कागद पाहिजे. पुढल्या सालच्या दिवाळीपत्तोर थांबतो, त्याच्यापुढं न्हाई.

बराबर बोलली बाई. कागदाबिगर पाऊल टाकलं तर तोच रामकिसन, ज्याला कावीळ होती, तो पळत येऊन फिर्याद लावील.

बेबीनंदा हे लिहिताना मान खाली घालून हसून राह्यली. लाजायचं असंल तर लाज, पण काना-मात्रा नीट दे.

५ ऑक्टोबर

आज माझं टकुरं फिरलं.

पारावर काकासाहेब पेपर वाचून दाखवत बसल्ता. गावातला शिकलेला माणूस, सोसायटीचा चेअरमन होता एकबार. मी भाजी घेऊन चालल्ते. तो मोठ्यानं वाचून राह्यला — घटस्फोट वाढले. कायदा सैल केला, शहात्तर साली आपसात सोडायची मुभा दिली, तवापासनं आकडा वरच चाललाय. मंग पेपर खाली ठेवून म्हणला, "कायद्यानं संसार मोडले बघा. आपल्या गावात आजपत्तोर एक बी घटस्फोट न्हाई. का? वळण!" आणि माझ्याकडं बघितलं. नातीच्या नांदेडच्या वाऱ्या सगळ्या गावाला माहीत.

मी भाजी खाली ठेवली. म्हणलं, "काकासाहेब, तुमची गिरिजा तुमच्या घरात किती वर्षं झाली?"

"कोण, आमची बहीण? काकू, तिचं मधी कुठं आणता?"

"बावीस वर्षं. नवऱ्याचं तोंड पाह्यलंय का तिनं बावीस वर्षांत?"

तर म्हणला, "ते येगळं. तिचा घटस्फोट थोडाच झालाय? सौभाग्यवती आहे ती."

सौभाग्यवती! ह्याच्या घरची धुणी-भांडी करून हाताची सालटं गेली तिच्या. मी म्हणलं, असलं सौभाग्य तुमच्या पेपरात कोणत्या पानावर छापतात ते वाचून दाखवा. सगळे हसले. तो न्हाई हसला. मी भाजी तिथंच इसरून आले. पाव किलो वांगी गेली काकासाहेबापायी.

६ ऑक्टोबर

मैमूना आल्ती बांगड्या भरायला. तिची टोपली घरोघर जाती. कोणाला नवरा बांगड्या भरतो, कोणाला बाप, आणि कोण स्वतःच्या मजुरीच्या भरती, तिला बिलकुल पाठ. तिला म्हणलं, बस. आपल्या गावातल्या नवऱ्यानं टाकलेल्या बाया सांग. जित्या तेवढ्याच धर.

वरच्या आळीपासून सुरू केलं. ती नाव घ्यायची, मी चिंचोका ठेवायची. कोणाला पोरगं झालं न्हाई म्हणून. कोणाला पोरीच झाल्या म्हणून. एकीच्या अंगावर पांढरा डाग निघाला. एकीच्या नवऱ्याला शहरात नोकरी लागली, मंग ही अडाणी दिसायला लागली. एकीला तर कारणच न्हाई, इसरून गेला असंल. एकोणीस चिंचोके झाले. दोनशे उंबऱ्याच्या गावात!

मैमूना म्हणली, "हमारे में तीन बोल बोल के निकालते, आक्का. तुम्हारे में बोलते बी नै."

मी हसले आणि मंग मला हसल्याचा राग आला.

बेबीनंदानं हळूच इचारलं, "आजी, ह्याच्यात तू धरली का?"

धरली की. पाचवा चिंचोका माझा. वहीला ठाऊक नसंल तर लिही — माझा नवरा रामराव, जिता आहे, खालच्या आळीत राहतो. मला सहा साल पोर झालं न्हाई म्हणून चतुराला करून आणली. ती उंबऱ्यात आली तवा तात्या माझ्या पोटात होता. मी म्हणलं, थांबा की चार महिने. सासू म्हणली, आणलेली आता माघारी कशी पाठवायची? मंग मला वरच्या आळीतली ही खोली दिली आणि दोन एकर. चतुराला झाल्या दोन्ही पोरीच. देवाला बी मस्करी सुचती.

७ ऑक्टोबर

कालचं डोक्यातून जाईना. आमच्यात जुनी रीत होती. पंच बसायचे, ज्वारीच्या धांड्याची काडी दोघांच्या मधी धरून मोडायचे. काडी मोडली की सुटली. त्याची तो, तिची ती. तिला पाट लावून दुसऱ्याचं घर करायला मोकळीक. मी लहानपणी दोन काड्या मोडलेल्या पाह्यल्यात.

मंग ती रीत गेली कुठं? मला आज कळलं. काडी मोडली तर बाई मोकळी होती. ह्यांना बाई टाकायची असती, मोकळी करायची नसती. म्हणून काडी मोडायचीच न्हाई! तशीच हातात धरून ठेवायची. तो दुसरी आणतो, तिनं कुंकू लावून वाट बघायची. ह्याला काकासाहेब वळण म्हणतो.

१८ नोव्हेंबर

नांदेड. आता त्याचा वकीलच आजारी.

गाडीत एकीनं इचारलं, आजी, नातीला दवाखान्यात नेता का? म्हणलं, हो. रोग सासरी आहे, डॉक्टर बी सासरीच आहे.

१६ जानेवारी २००४

संक्रांतीचं हळदीकुंकू. बचत गटाच्या बायांनी जालन्याच्या उषाबाई वकिलाला बोलावल्तं. ठेंगणी, चष्मा, बोलती भराभर. वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी वाटली आणि मंग कायद्याचं बोलायला लागली. अर्ध्या बाया चाळणीकडं बघत बसल्या.

म्हणली, गेल्या महिन्यात कायदा बदलला. आता बायको जिथं राहती तिथल्या कोर्टात बी तिला केस लावता येती.

मी म्हणलं, "बाई, हे पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे जालन्यात? नांदेडला जायचं काम न्हाई?"

"नाही आजी. त्यानं यायचं."

त्यानं यायचं. मी तिला म्हणलं, तिसऱ्या बारीला सांगा, पैसे न्हाई लागत ना? लई हसली.

२ फेब्रुवारी

नांदेडची केस काढून घेतली, जालन्यात लावली. पारावर बातमी गेली. काकासाहेब म्हणला म्हणे, "झालं! आता पोरींना रान मोकळं. बघा, पुढच्या वर्षी आकडा दुप्पट."

ह्या बारीला भाजी न्हाई ठेवली खाली, पिशवी धरूनच बोलले. म्हणलं, "काकासाहेब, शाळेजवळ हापसा बसला तवा गावात पाणी जास्त भरलं जायला लागलं का न्हाई?"

"लागलं. मंग?"

"मंग गावाला तहान हापशानं लागली का? आधी बाया नदीत झिरा करून वाटीवाटीनं भरायच्या, ते कोणी मोजलं न्हाई. हापशाचे हंडे दिसले की तुम्ही मोजायला बसले. एकोणीस जणी तहानेल्या आहेत तुमच्या वळणाच्या गावात. नावं घेऊ का? पहिलं तुमच्या घरापासून घेते."

नावं घ्यायची येळ न्हाई आली. तो पेपराची घडी घालून उठला. जाताना म्हणला, "काकू, तुमच्या तोंडाला लागायचं न्हाई माणसानं." इतक्या वर्षांत तेवढं एक खरं बोलला.

रात्रभर मला वाटलं, जास्त बोलले. सकाळी वाटलं, कमी बोलले.

२० फेब्रुवारी

आला! रामकिसन आला. जालन्याच्या कोर्टाची नोटीस गेली आणि कावीळ पळाली. तोंडावर सगळा गाडीचा धुरळा, डोळे तांबडे, हातात डबा न्हाई, इथला वकील ओळखीचा न्हाई. मुतारी कुठं आहे ते मलाच इचारलं. मी लांबची दाखवली.

दोन वाजेपत्तोर नाव पुकारलं न्हाई. त्याला भूक लागल्ती. आम्ही लिंबाखाली भाकरी सोडली — इथं बी लिंब आहे. बेबीनंदानं अर्धी भाकरी त्याच्याकडं धरली. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं मागं घेतली. मंग मीच दिली. म्हणलं, खा. नांदेडला जायचं-यायचं म्हणजे दोन दिवस मोडतात, पोटात काय तरी पाहिजे.

भाकरी खाता खाता म्हणला, "आजी, आपसात मिटवून टाकू. दर महिन्याला मला असं परवडणार न्हाई."

वर्षभर आम्हाला परवडत होतं ते ह्याला एका दिवसात परवडंना.

६ एप्रिल

दोघांनी आपसातला अर्ज दिला. सहा महिने थांबायचं, मंग साहेब दोघांना इचारणार, मंग कागद. दसऱ्याच्या सुमाराला. राजूरला निरोप धाडला. बेबीनंदानं एका दमात सही केली. तात्या रडला. स्टीलच्या मिलमधी तापल्या सळया ओढणारा माणूस, कोर्टाच्या पायरीवर बसून रडला.

हे सगळं चांगलं झालं. पण मी आज ह्याच्यासाठी सांगत न्हाई बसले.

उषाबाई कागद लावत होती. सहज इचारलं, "आजी, आजोबा नाही आले?"

म्हणलं, "आजोबा सवतीजवळ राहतात. त्रेपन्न वर्षं झाली."

तिनं कागद खाली ठेवला. "सवत कधी आणली?"

"रझाकार गेल्यावर तिसऱ्या साली."

"म्हणजे पंचावन्नच्या आधी. सवत जिवंत आहे?"

"माझ्यापेक्षा धडधाकट."

तर म्हणली, "आजी, तुम्हाला तर पंचावन्न सालापासून हक्क आहे. तेव्हाच कायद्यात लिहिलं. त्याच्या आधी ज्यानं दुसरी केली, त्याच्या बायकोला एवढ्याच कारणावर घटस्फोट मागता येतो. अर्ज देताना सवत जिवंत पाहिजे, इतकीच अट. तुमचा पुरावा तर खालच्या आळीत भाकरी थापतोय."

आणि पुन्हा कागद लावायला लागली. तिला वाटलं, तिनं मला एक माहिती दिली.

७ एप्रिल

लिहू नको. आज तोंड उघडायचं न्हाई.

१० एप्रिल

आता लिही.

पंचावन्न साली मी बावीस वर्षांची होते. माझे केस कमरेखाली होते. माझ्या मावसभावाच्या गावचा एक माणूस होता — न्हाई, ते नको लिहू. लिहिलं? बरं, राहू दे.

एकोणपन्नास वर्षं तो कायदा कुठं होता? ह्या गावात दवंडी कशाकशाची न्हाई पिटली! मोजणीची पिटली, देवीच्या लसीची पिटली, कोंबड्यांच्या रोगाची पिटली, पिसाळलेल्या कुत्र्याची पिटली. ह्याची कोणी न्हाई पिटली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनाच तो नको होता. काकासाहेबाचा बाप पोलीस-पाटील. सरकारचा सगळा कागद त्याच्या हातून यायचा. त्याला बी दोन बायका होत्या.

पेपरवाला म्हणतो कायदा झाला की संसार मोडतात. कायदा झाला आणि माझ्या घरात एक गाडगं बी हाललं न्हाई. कायदा मुंबई-दिल्लीला झाला, मी इथं रानात निंदत होते. नांदेडची जागा बदलून जालना झाली, तेवढ्यानं माझी पोर सुटली. माझ्यासाठी नुसतं कोणी बोलायचं होतं. एवढंच.

१२ एप्रिल

तात्याला सांगितलं, मला अर्ज द्यायचाय.

"माय, तू येडी झाली का? ह्या वयात? तो माझा बाप आहे."

म्हणलं, तुझा राहू दे की. माझा नवरा राह्यला न्हाई म्हणजे झालं.

"आता सोडून करणार काय? लग्न करायचंय का तुला?"

म्हणलं, एखादं स्थळ बघ. कमी खाणारं, ऐकू न येणारं.

तो हसला न्हाई. मंग खरं सांगितलं. रामरावला दमा आहे, ह्या सालात न्हाई तर पुढच्या सालात जाईल. तो गेला की खालच्या आळीच्या बाया इथं येतील, माझं कुंकू पुसतील आणि माझ्या बांगड्या फोडतील. त्रेपन्न वर्षांत त्यानं मला एक कांकण न्हाई भरलं. ह्या मी मैमूनाकडून माझ्या मजुरीच्या भरल्यात. माझ्या बांगड्या त्याच्या नावानं फोडू द्यायच्या न्हाईत मला. त्याच्या मरणात मला वाटा नको.

तात्या उठून गेला. दोन दिवस माझ्या हातचं जेवला न्हाई. मंग आला आणि म्हणला, "कागदं कोणती लागतात?"

१५ मे

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. जूनमधी उघडणार. आणि चतुराला ताप भरला!

अर्ज देईपत्तोर ती जिती पाहिजे. आयुष्यभर जिच्या मरणाची वाट बघितली, तिच्यासाठी मी देव पाण्यात घालून बसले. बेबीनंदा पोट धरून हसून राह्यली. लिही म्हणलं तर लिहीना.

१८ मे

तीन दिवस झाले, खालच्या आळीत पेज घेऊन जाते. रामराव ओसरीवर खोकत बसलेला. त्याला वाटलं, त्याच्यासाठी आले. म्हणला, "आलीस का?" मी म्हणलं, "तुमच्याकडं न्हाई आले." आत गेले.

आज चतुराला उतार पडला. माझ्याकडं बघत म्हणली, "खरं सांगा, कशापायी करून राह्यल्या माझं एवढं?"

चोरी कशाला? सांगून टाकलं सगळं. पंचावन्नचा कायदा, वकील, अर्ज, आणि तू मेलीस तर माझी केस मेली.

तिनं पेजेची वाटी खाली ठेवली. मंग म्हणली, "मला आणली तवा मी चौदा वर्षांची होते. मला न्हाई सांगितलं कोणी की घरात एक आहे. मांडवात कळलं." मंग भिंतीकडं तोंड केलं.

हे मला त्रेपन्न वर्षांत ठाऊक न्हवतं. मी इचारलंच न्हाई.

१४ जून

बदनापूर ठेसनावर चतुरा आमच्या आधी येऊन बसल्ती. धुतलेलं लुगडं, मांडीवर भाकरीचं फडकं. मी म्हणलं, "तू कुठं?" म्हणली, "वकीलबाईकडं. मला बी इचारायचंय."

उषाबाईनं पुस्तक उघडून वाचलं. दुसरीला बी तोच हक्क आहे, पहिली जिती असंल तर. म्हणली, दोघींचे अर्ज आजच देऊ, एकीचा निकाल आधी लागला तर दुसरीची सवत कुठून आणायची?

टेबलावर दोन कागद ठेवले, मधी अंगठ्याच्या शाईचा डबा. मी चतुराकडं बघितलं, ती माझ्याकडं. तिनं माझं मनगट धरून डब्याजवळ नेलं. म्हणली, "तुम्ही थोरल्या. आधी तुमचा."